डबा रिकामा परत गेला तरी

पत्र: ताई, बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. आमची पिठाची गिरणी आहे. दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटेच्या एसटीने डायलिसिसला जातो, घरी यायला दुपारचे तीन वाजतात. मी माझी किडनी द्यायला निघाले होते, पण तपासणीत मलाच साखर निघाली आणि डॉक्टर नको म्हणाले. त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावलेला नाही. सासूबाई लावतात. त्या माळकरी आहेत. म्हणतात, पांडुरंग परीक्षा बघतोय, त्याचे आभार मान. पुण्याची भाची मोबाइलवर पाठवते की रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. वही आणली, ती कोरीच आहे. आता लेक पहिल्या बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. बाळ मांडीवर घेतलं की मी सगळं विसरते, आणि मग लाज वाटते की यांचं असं असताना मला हसू येतंच कसं. जावई म्हणतात, बारसं थाटात करू. ताई, माझी श्रद्धा मेली का? आणि बारसं करू की नको?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र पाच पानांचं आहे. वर त्यातलं थोडंच छापलं. राहिलेलं मी दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा सांगायचं ते हे की बारसं करा. नातीचं बारसं आहे, ते आजोबांच्या रिपोर्टावर टांगून ठेवू नका. थाट किती करायचा ते खिशाकडे बघून ठरवा, पण करा.

आता आभारांचं.

माझा धाकटा सात वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. सव्वीस दिवस आम्ही दवाखान्यात होतो. शेजारच्या काकू दोन्ही वेळचा डबा पाठवायच्या. स्टीलचा चार पुडांचा डबा, झाकणावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव घातलेलं. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मलाही तेच वळण होतं. पण त्या सव्वीस दिवसांत मी एकदाही साखर घातली नाही. काही दिवस तर डबा विसळलासुद्धा नाही. आमटीचा ओघळ वाळून चिकटलेला, तसाच परत गेला. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात गरम भात भरून पाठवला.

मुलगा वाचला. त्याच्या उजव्या कानाला मात्र आजही ऐकू येत नाही. त्या कानाबद्दल मी कधी कुणाचे आभार मानले नाहीत. देवाचेही नाहीत. लोक म्हणाले, जिवावरचं कानावर निभावलं, हात जोड. मुलगा घरी आला म्हणून मी हात जोडले. कान गेला त्यासाठी जोडले नाहीत आणि जोडणारही नाही. ह्या दोन गोष्टी लोक एकात कालवतात, आणि आपल्यासारख्या बाया गुदमरतात. आजाराबद्दल आभार मानायला तुम्हाला कुणी लावत असेल तर ते मनावर घेऊ नका. किडन्या गेल्या हे वाईटच झालं. तुमची किडनी चालली नाही हेही वाईटच झालं.

काकूंना मी त्या वेळी ‘आभारी आहे’ असं म्हटलं नाही, नंतरही नाही. आपल्या घरांतून तो शब्द तोंडात येतच नाही. आभारप्रदर्शन हे सभेच्या शेवटी असतं. आईला कुणी थँक्यू म्हणत नाही, जावेलाही म्हणत नाही. दोन वर्षांनी काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी रोज सकाळी जाऊन त्यांचं अंग पुसून देत असे. त्या कामात मला एक दिवसही कंटाळा आला नाही. माझी साखर त्या डब्यात अशी दोन वर्षं उशिरा पडली.

म्हणून तुमची वही कोरी राहिली याचं मला काहीच वाटलं नाही. भाचीचा हेतू चांगला आहे, तिच्यावर रागावू नका. कुणाकुणाला त्या वहीने खरंच बरं वाटतं. पण तुम्ही पत्रात काय काय लिहिलंय ते बघा. तिसऱ्या पानावर आहे की पहाटेच्या गाडीचे कंडक्टर तुम्ही दोघं फाट्यावर दिसेपर्यंत बेल मारत नाहीत. चौथ्या पानाच्या कडेला उभ्या ओळीत, जागा संपली म्हणून बारीक अक्षरात, लिहिलंय की डायलिसिसच्या दिवशी म्हशीची धार शेजारची सून काढते आणि दूध तुमच्या चुलीवर तापवून ठेवते. आणखी एका जागी, गिरणीवर आता मुलगा बसतो आणि गावातली माणसं त्याला सुटे पैसे मोजून देतात, पोराला हिशोब जड जाऊ नये म्हणून. माझ्याकडे रडायला बसलेल्या बाईने हे सगळं न विचारता लिहिलं. तुम्हाला दिसतंय, ताई. तुमचं मन मेलेलं नाही.

आणि तुम्हीच सांगितलेली ती हाताची गोष्ट. यजमानांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी फिस्टुला केलाय. तिथे रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, बोट ठेवलं की आत थरथर लागते, आणि ती चालू आहे ना हे रोज बघायचं असतं. तुम्ही रोज सकाळी उठल्याबरोबर त्यांच्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवता. ते डोळे मिटूनच म्हणतात, ‘गिरणी चालू आहे.’ मग तुम्ही चहाला आधण ठेवता. मी हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले. दिवा लावत नाही म्हणून श्रद्धा मेली का, असं विचारता. रोज उजाडताना दोन बोटं टेकवून, श्वास धरून, ती थरथर शोधणारी बाई काय करत असते? मला तरी त्याला दुसरं नाव सुचत नाही.

पांडुरंगावर रागावलात तर रागवा. जनाबाईने त्याला कारट्या म्हणून शिव्या घातल्या आहेत, आणि तरी वारकऱ्यांनी तिला आपल्यातून काढलं नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात, तुम्ही पाहिलं असेल. तिच्याबरोबर देव दळायला बसायचा अशी आपली समजूत आहे. दळणाऱ्या बाईचा राग त्याला नवा नाही, आणि तुमच्या घरात तर दळणाचाच धंदा. दिवा आज लावावासा वाटत नसेल तर लावू नका. वाटेल त्या दिवशी लावा, कुणाला सांगायची गरज नाही.

सासूबाईंचं एक लक्षात घ्या. आजारी आहे तो तुमचा नवरा आणि त्यांचा मुलगा. ‘परीक्षा बघतोय’ असं त्या तुम्हाला बजावत नाहीत, रात्री झोप लागावी म्हणून स्वतःला सांगत असाव्यात. लेकाचं आजारपण बघणाऱ्या म्हातारीला कुठेतरी टेकावं लागतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका आणि खोटं ‘हो’ही म्हणू नका. त्या दिवा लावतात तेव्हा वात वळून द्या. तेवढं बास.

आता हसण्याच्या लाजेचं. तुम्ही लिहिलंय की शेगडीच्या एका बाजूला लेकीसाठी अळिवाची खीर असते आणि दुसऱ्या बाजूला यांच्यासाठी बटाट्याच्या फोडी उकळून पाणी फेकायचं असतं, पोटॅशियम जावं म्हणून. खिरीचा वास घेताना अपराधी वाटतं, म्हणता. ताई, त्या दोन भांड्यांखालची आच तुमचीच आहे. तुम्ही खिरीकडे बघून हसलात म्हणून बटाटा कच्चा राहत नाही. आणि यजमानांना विचारलंय का कधी, तुम्ही हसताना दिसलात की त्यांना काय वाटतं? दोन वर्षं घरात त्यांच्यामुळे कुणी मोकळं हसत नाही, हे त्यांना कळत नसेल असं समजू नका. आजारी माणसाच्या मनाला तेच जास्त लागतं. नात त्यांच्या मांडीवर द्या. फिस्टुलाच्या हातावर भार नको, म्हणून उशी घेऊन उजव्या बाजूला द्या, पण द्या.

थोडं कामाचं सांगते. बारसं रविवारी ठेवू नका. शुक्रवारनंतर थेट सोमवारी डायलिसिस म्हणजे रविवारी अंगात पाणी साठलेलं असतं, धाप लागते. शनिवार बरा. सकाळी लवकर उरका, आदल्या दिवशीचा थकवा असेल तर ते दुपारी पडू शकतील. सरबताचे पेले त्यांच्यासमोर फिरवू नका. ज्याला दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं त्याला ते बघवत नाही.

खर्चाचं लिहिलंय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, आणि इंजेक्शनचे पैसे वेगळे का लागतात तेही विचारा. किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव आहे म्हणालात. ते चालू आहे ना, मधल्या काळातल्या तपासण्या त्यात चढल्या का, हे दवाखान्यातल्या समन्वयकाला दर दोन-तीन महिन्यांनी विचारत राहा. संकोच करू नका.

आणि तुमची साखर. पहाटे पाचला चहावर निघता आणि तीनला येऊन जेवता, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी नाही जाणार. भाकरी-भाजी फडक्यात बांधून न्या आणि त्यांना मशीन लावलं की खाऊन घ्या. गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि जगू नये असं दोनदा वाटलं, असंही लिहिलंय. हे मनात दाबू नका. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६. फोन फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये आजच घालून घ्या. लेकीलाही एकदा हे सगळं सांगा. बाळंतीण आहे म्हणून तिच्यापासून लपवताय, पण ती तुमच्याच घरात झोपते, तिला कळत असणार.

बारशाला कंडक्टरांना बोलवा, शेजारच्या सुनेला ओटी भरायला बसवा. पाळण्याला पहिली दोरी सासूबाईंच्या हाती द्या. घुगऱ्या हरभऱ्याच्या करणार असाल तर यजमानांना त्यातल्या किती चालतात ते आधी आहारतज्ज्ञांना विचारा. चालत नसतील तर त्यांच्यापुरत्या भिजवून-उकळून वेगळं काय करता येईल तेही विचारून ठेवा. पानात त्यांच्यासाठी काहीतरी गोड असू द्या. नातीचं नाव काय ठेवलंत ते मला कळवा.