सेवेत नम्र राहायचं म्हणजे स्वतःला तुच्छ मानायचं का?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत (चर्चमध्ये) बायबलचं वचन सांगितल्यावर कोणी कौतुक केलं की "छे, मी काहीच नाही" असं म्हणायची सवय लागली, आणि आता मनालाही तेच खरं वाटू लागलंय. ही नम्रता आहे का, सेवा सोडावी का, असं तुम्ही विचारता. मीही बरीच वर्षं उपदेश करतो, तरुणांची सभा घेतो. माझं स्पष्ट मत आहे की ही नम्रता नव्हे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय सावकाश वाचा. येशूने शिष्यांचे पाय धुतले हे आपल्याला पाठ असतं, पण त्याआधीचं 3रं वचन आपण घाईत वाचतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो भोजनावरून उठला. आपण कोण हे पक्कं ठाऊक असल्यामुळे दासाचं काम करताना त्याचं काही कमी होणार नव्हतं. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळचंही पाहा. "हा माझा प्रिय पुत्र" ही देवाची वाणी झाली तेव्हा त्याची जाहीर सेवा सुरूही झाली नव्हती. प्रीती आधी, काम नंतर. आपण हा क्रम उलटा करतो, म्हणून सभा रंगली की वर आणि फसली की खाली, असं मन हेलकावत राहतं.

येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौलही पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात तो स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो, मंडळीचा छळ केल्यामुळे अपात्रही म्हणतो. आणि लगेच पुढे, मी सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, असंही लिहितो. श्रेय मात्र देवाच्या कृपेला देतो. आपण पहिल्या वाक्याशीच थांबतो. केलेलं काम नाकारलं तर त्यामागची कृपाही नाकारल्यासारखं होतं, असं मला वाटतं.

लुस्त्र गावात (प्रेषितांची कृत्ये, 14वा अध्याय) लोकांनी पौलाचा सोबती बर्णबा याला ज्यूस आणि पौलाला हर्मेस हे ग्रीक देव ठरवून यज्ञाची तयारी केली. मग बाहेरून आलेल्यांनी मनं फिरवली आणि त्याच गावात पौलाला दगडमार झाला. मेला समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकलं. तो उठून पुन्हा गावात गेला! लोकांच्या बोलण्यावरून स्वतःची किंमत ठरवणाऱ्याला हे जमलं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी चांगलं म्हटलं तर "धन्यवाद, देवाची स्तुती असो" एवढंच म्हणा. त्या माणसाला वचनातून काही मिळालंय. त्याला तुमची समजूत काढत बसायला लावू नका.

एक मात्र तपासा. "नम्र राहा" असं कोणी तुम्हाला वारंवार सुनावतंय का, विशेषतः तुम्ही हिशोबाबद्दल किंवा एखाद्या निर्णयाबद्दल प्रश्न विचारल्यावर? तसं असेल तर तो तुमच्या नम्रतेचा प्रश्नच नाही. मंडळीतल्या दुसऱ्या एखाद्या जबाबदार वडीलधाऱ्यांशी बोला.

सेवा सोडण्याबद्दल म्हणाल, तर थकला असाल तर पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगून खुशाल काही महिने थांबा. मार्कच्या पहिल्याच अध्यायात सगळे शोधत असताना येशू एकांतात प्रार्थना करत होता. पण "मी लायक नाही" एवढ्याच कारणासाठी सोडू नका. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला देवाने बोलावलं तेव्हा मोशेनेही हेच कारण दिलं होतं. "मी तुझ्याबरोबर असेन" असं देवाने त्याला सांगितलं, आणि मिसरचा राजा फारो याच्याकडे पाठवलंच.