लष्करी मालवाहू विमान एखादा बाहेरचा भाग नसताना उडवतात का?

तुम्ही विचारलंय की मालवाहू विमानाच्या चाकाजवळचा एक पत्रा जागेवर नव्हता, तरी ते तासाभरात उडालं, हा निष्काळजीपणा नाही का? मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची आणि पत्र्यांची देखभाल करणारा होतो, अर्धी नोकरी असल्या विमानांच्या पोटाखाली उताणं पडून काढली. त्या पत्र्याची कागदावर नोंद असेल, तर निष्काळजीपणा नाही.

विमानाच्या अंगावरचे काही भाग भार पेलतात किंवा आतला हवेचा दाब धरून ठेवतात. तिथे तडजोड नाही. बाकीचे बरेच तुकडे नुसती वाऱ्याला सरळ वाट करून देतात: सांध्यांवरची फेअरिंग, म्हणजे हवा अडू नये म्हणून बसवलेली गुळगुळीत आवरणं, चाकांच्या खोबणीची काही झाकणं. पंखांच्या मागच्या कडेला अगरबत्तीच्या काड्यांसारख्या स्टॅटिक विक असतात, त्या उडताना साचलेली वीज हवेत सोडतात. त्यातली एखादी मोडली म्हणून विमान पडत नाही, फार तर रेडिओत खरखर वाढते.

काय नसलं तर चालेल, हे फिटर किंवा पायलट मनाने ठरवत नाही. त्याची यादी असते, कॉन्फिगरेशन डेव्हिएशन लिस्ट, थोडक्यात सीडीएल. नागरी विमानांत ती फ्लाइट मॅन्युअललाच जोडलेली असते. लष्करात नाव आणि मंजुरीची वाट बदलते, तत्त्व तेच. तुकड्यापुढे त्याचा दंड लिहिलेला असतो: वजन इतकं कमी करा, वेग यापुढे नेऊ नका. उघडा सांधा हवेला अडतो, इंधन जास्त जातं. पण खरी भीती वेगळीच. उड्डाणानंतर लगेच एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्यांवर चढायला हवी तेवढी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. ज्यांचा दंड नगण्य, असे तुकडे सहसा तीनपर्यंत चालतात, त्यापुढे प्रत्येकाचा हिशेब. आणि एकाच सिस्टिमचे दोन तुकडे गायब असतील तर यादीत तशी स्पष्ट मुभा हवी, नाहीतर विमान जागचं हलायचं नाही.

मी नवा असताना कच्च्या धावपट्टीवरून आलेल्या एका विमानाच्या पोटाखालचं फेअरिंग दगड लागून दुमडलं होतं. तीन स्क्रू गेलेले, बाकीचे घट्ट. मी लॉकिंग वायरने बांधून टाकायला निघालो, तर आमचे वॉरंट ऑफिसर खेकसले, "आधा मत छोड़, पूरा निकाल!" त्यांचं बरोबर होतं. नसलेल्या पत्र्याचा हिशेब करता येतो. लटकलेला पत्रा हवेत कधी सुटेल आणि शेपटीला कुठे लागेल, याचा नाही. उरलेले अकरा स्क्रू मोजून दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकले, उघडी भोकं अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद केली. मग इंजिनिअरिंग ऑफिसर पुस्तक घेऊन आले, एफ-७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या वहीत, नोंद झाली, कॉकपिटमध्ये वेगाच्या मर्यादेची चिठ्ठी लागली. पायलटने वाचून सही केली, तेव्हा कुठे विमान निघालं. जाताना वजन कमी करायला एक खोकं खाली उतरवलं, ते ज्या युनिटचं होतं त्यांच्या शिव्या आम्हीच खाल्ल्या.

खरा घात अशा उघड्या सांध्यापेक्षा भाग काढून पुन्हा नीट न बसवण्यात असतो. ४ एप्रिल १९७५ ला व्हिएतनाममधल्या सायगावमधून अनाथ मुलांना घेऊन निघालेल्या अमेरिकन हवाई दलाच्या सी-५ए विमानाचं मागचं दार हवेत निखळलं. शेपटीकडे जाणाऱ्या केबल तुटल्या, वैमानिकांनी इंजिनांची ताकद कमीजास्त करत ते परत वळवलं आणि भातशेतात आदळवलं. १३८ जण गेले. त्या दाराच्या कुलपांचे काही भाग आधी दुसरीकडे वापरायला काढून नेले होते आणि नंतर नीट बसवले गेले नव्हते. सुट्या भागांच्या टंचाईत एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावणं सगळीकडे चालतं, आम्हीही केलंय. फिटरला झोप येत नाही ती अशा रात्री.

आमचं फेअरिंग पंधरा दिवसांनी आलं. दुसऱ्या विमानाचं होतं, रंग जुळत नव्हता. भोकं मात्र चौदाच्या चौदा जुळली.