वाचकांचे प्रश्न : स्लॅबच्या दिवशी काय बघायचं?

प्रश्न : कर्जतजवळ आमचा बिनशेती प्लॉट आहे. एक हजार चौरस फुटांचं बैठं घर बांधायचं आहे. ठेकेदार म्हणतो, अक्षय तृतीयेला नारळ फोडू आणि पावसाआधी स्लॅब टाकून देतो. जमेल का? (वाचक, दहिसर)

उत्तर : नारळ हवा तर तेव्हा फोडा, कुदळ मात्र दसऱ्यानंतर मारा. अक्षय तृतीया ते पहिला पाऊस यात हातात चार ते सात आठवडे मिळतात. तेवढ्यात पाया, जोतं, कॉलम आणि स्लॅब उरकायचा म्हणजे प्रत्येक टप्प्यावर पाणी मारायचे दिवस कापावे लागतात. त्यात मे महिन्यात विहिरी आटतात आणि पाणी टँकरने आणावं लागतं. विकतचं पाणी स्लॅबवर कोणी सढळ हाताने ओतत नाही. ठेकेदाराच्या घाईमागे आणखी एक कारण असतं. पाऊस लागला की बरेच मजूर शेतीसाठी गावी जातात.

पावसाळ्यात मोजणी, नकाशा, मंजुरी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची ड्रॉइंग ही कामं करून घ्या. एकदा भर पावसात प्लॉटवर जाऊन पाणी कुठे आणि किती साचतं ते बघा, खुंटी ठोकून खूण करा. जोतं त्या खुणेच्या आणि समोरच्या रस्त्याच्या किमान दीड-दोन फूट वर हवं. जागा पूर्वी भातखाचर असेल तर वरचा चिकण थर फसवा असतो. खणणं फुटांच्या हिशोबाने थांबवू नका, कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जा. खड्डे इंजिनिअरने बघितल्याशिवाय त्यात काँक्रीट पडू देऊ नका.

जोत्यातली भरणी बहुतेक घरांत बिघडते. डंपरभर माती एकदम ओतून वर कोबा केला की दोन-तीन वर्षांत लादी खचते आणि स्कर्टिंगखाली फट पडते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाका. प्रत्येक थरावर पाणी मारा, धुमस करा, मगच पुढचा थर. जानेवारीपर्यंत स्लॅब झाला तर गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग एप्रिलअखेर आटोपतं. गच्चीला दहा फुटांमागे सव्वा इंच उतार ठेवा. पॅरापेट (गच्चीची कठडा-भिंत) जिथे स्लॅबला मिळते त्या कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) करून घ्या आणि चार इंची पाइप दोन ठिकाणी तरी काढा. एकच पाइप असेल आणि तो पानांनी तुंबला तर गच्चीचा हौद होतो.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमचा स्लॅब आहे. घरात कोणी इंजिनिअर नाही. आम्ही उभं राहून नेमकं काय बघायचं? (वाचक, मुलुंड)

उत्तर : खरं बघायचं ते आदल्या दिवशी. काँक्रीट पडल्यावर दिसतं काय? म्हणून इंजिनिअरला आदल्या संध्याकाळी बोलवा आणि ड्रॉइंग हातात घेऊन सळया मोजून घ्या.

सळई ट्रकमधून उतरते तेव्हाच वजन तपासता येतं. मिलिमीटरमधल्या व्यासाला व्यासाने गुणून १६२ ने भागलं की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६६ किलो भरायला हवी, ८ मिलिमीटरची ४.७४ किलो. थोडा फरक चालतो. दर सळईमागे किलोभर कमी भरत असेल तर माल परत पाठवा.

मग जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर धरणारे छोटे ठोकळे) आहेत का ते बघा. मजूर त्यांच्या जागी खडी सरकवतात. ती निसटते, सळई फळीला टेकते आणि काही वर्षांत तिथे गंज धरून पोपडे पडतात. वसई, उरणसारख्या खाऱ्या हवेच्या भागात तर हे फार लवकर होतं. तिथे समुद्रालगत एम ३० दर्जाचं (जास्त ताकदीचं) काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, लागतं. तिथे घमेल्याचा हिशोब नको, आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) मागवा. कॉलम-बीमच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोकं आत, गाभ्यात १३५ अंशांत वळलेली हवीत. मुंबई आणि परिसर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतो, त्यामुळे ९० अंशांत मुडपलेली रिंग चालणार नाही.

सगळ्यात धोक्याची चूक छज्जा आणि बाल्कनीत होते. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात मुख्य सळई खाली असते. बाहेर लोंबणाऱ्या भागात ती वर असते, कारण तिथे ताण वरच्या बाजूला येतो. मजूर घमेली घेऊन त्यावरून चालतात आणि सळई दबून खाली जाते. वरून छज्जा ठणठणीत दिसतो आणि सेंटरिंग (खालच्या फळ्या-टेकू) काढताच वाकतो. सळईखाली लोखंडी खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे वाकवलेले आधार) लावायला सांगा आणि चालायला फळ्या टाकायला लावा.

आता प्रत्यक्ष दिवस. एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी अशा एक-दीड-तीनच्या मिश्रणात १० बाय १२ फुटांच्या खोलीचा पाच इंची स्लॅब ५० घनफूट होतो. त्याला सुमारे ११ पोती सिमेंट, २१ घनफूट वाळू आणि ४२ घनफूट खडी लागते, म्हणजे एकूण पाव ब्रासहून (ब्रास म्हणजे १०० घनफूट) कमी वाळू आणि अर्ध्या ब्रासहून कमी खडी. बीमचं वेगळं. रिकामी पोती एका कोपऱ्यात ठेवून संध्याकाळी मोजा. पाण्यावर मात्र सतत डोळा ठेवा. पोत्यामागे ३० लिटरच्या वर नाही, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काँक्रीट हाताला हलकं जावं म्हणून मुकादम 'थोडं पाणी मार रे' म्हणतोच. त्या थोड्या पाण्याने ताकद जाते आणि पुढे गळतीलाही वाट मिळते. व्हायब्रेटर एक चालू आणि एक राखीव ठेवा. तो बंद पडला की मजूर सळईने कोचतात आणि बीमच्या तळाशी खडीची पोकळ जाळी राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर आळी (छोटे बांध) बांधून पाणी साठवा. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा. साध्या ओपीसी (अशी मिसळण नसलेल्या) सिमेंटच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १५ फुटांच्या आत असेल तर टेकू सात दिवस ठेवतात, मोठा असेल तर चौदा. बीमखालचे टेकूही चौदा दिवस, २० फुटांपुढे एकवीस. पीपीसीला ताकद हळू येते, त्यामुळे आणखी काही दिवस थांबा. सेंटरिंगच्या भाड्याच्या प्लेटा परत करायच्या आहेत ही सबब ऐकू नका.

प्रश्न : आम्ही शेतकरी नाही. मुरबाडकडे सातबाऱ्यावरची दहा गुंठे शेतजमीन स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? (वाचक, लालबाग)

उत्तर : नका घेऊ. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. बिनशेती प्लॉटच बघा आणि तिथेही बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा किंवा कुळाचं नाव आहे का ते बघा, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांची तपासणी) घ्या आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मागा. कंपाउंड दिसतंय म्हणून हद्द तीच असं समजू नका.

प्रश्न : वरच्या मजल्यावर बाथरूम घेतोय. खाली गळणार नाही यासाठी कोणती लादी चांगली? (वाचक, कांदिवली)

उत्तर : लादी पाणी अडवत नाही. गळती बहुधा स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्याशी होते. आधी सगळे पाइप बसवा, भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटी मसाल्याने) भरा, मग वॉटरप्रूफिंग करा. ते भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवा. त्यानंतर ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून छत बघा. ही चाचणी लादीच्या आधी. नंतर केली तर गळती सापडेल, पण दुरुस्तीसाठी लादी फोडावी लागेल. जमिनीला पाच फुटांमागे पाऊण ते एक इंच उतार द्या.

नळाच्या पाइपलाइनला हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा, काटा खाली यायला नको. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप भिंतीला लावूनच, म्हणजे पुढे गिझरसाठी भोक पाडताना पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते कळेल.