स्पेसबारकडे जाणारा हात

“मॅडम, कॉम्प्युटरवर त्याला ९७ टक्के पडतात आणि क्लासच्या सरांपुढे बसला की हात गळतात. ते सॉफ्टवेअर काढूनच टाकू का?”

गेल्या पावसाळ्यात नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एक ताई हे विचारत गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत आल्या. सोबत नववीतला मुलगा, पाठीवर इलेक्ट्रिक गिटार. घरी तो ज्यावर सराव करायचा ते सॉफ्टवेअर वाजवलेलं ऐकून टक्के द्यायचं. रॉकस्कूलची तिसरी ग्रेड सात आठवड्यांवर आलेली. हीच काळजी घेऊन अलीकडे बरेच पालक येतात, म्हणून त्या घराच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

परीक्षेबद्दल थोडं सांगायला हवं. रॉकस्कूल म्हणजे रॉक-पॉप संगीताच्या परीक्षा, १९९१ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या. गुण १००. तीन तुकडे, म्हणजे गाणी, बॅकिंग ट्रॅकवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर) वाजवायची, प्रत्येकी २० गुणांची. स्केल्स वगैरे तांत्रिक भागाला १५, समोर ठेवलेलं वाचून वाजवणं किंवा ऐनवेळी रचून वाजवणं याला १०, कानाच्या परीक्षेला १० आणि तोंडी प्रश्नांना ५. पास व्हायला ६० लागतात, मेरिट ७४ पासून. आपल्याकडे गांधर्वच्या प्रवेशिका-मध्यमा घराघरांत माहीत आहेत, त्यामुळे मुलाच्या आजीला हे लगेच कळलं. गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या पलुस्करबुवांनी जिथे रामनाम आधाराश्रम काढला त्या पंचवटीत तिचं माहेर. लग्नाआधी पेटीवर प्रवेशिका पूर्ण केलेली.

पहिल्याच दिवशी मी मुलाला म्हटलं, “वाजव बरं काहीतरी.” त्याने छोटा ॲम्प जोडला आणि आधी त्या आवाजानेच दचकला. घरी लॅपटॉपला जोडून, हेडफोन लावून वाजवायची सवय. कित्येक महिने त्याची गिटार घरात कोणाला ऐकूच आली नव्हती.

सुरुवात छान झाली. पाचव्या-सहाव्या मात्रेला एक सूर निसटला. त्याचा उजवा हात तारा सोडून गुडघ्याकडे गेला, दोन बोटं गुडघ्यावर टेकली आणि वाजवणं थांबलं. मला वाटलं, घाबरलाय. पुन्हा सुरू केलं. वेगळ्या जागी चुकला, पण हात तिथेच गेला, तीच दोन बोटं.

“अरे, हा हात कुठे जातो?”

त्याने गुडघ्याकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “स्पेसबार.”

घरी लॅपटॉप उजवीकडच्या स्टुलावर असतो. चूक झाली की स्पेसबार दाबायचा, चार मात्रा मागे जायचं, पुन्हा वाजवायचं. रोज दोन-दोन तास. म्हणजे पोराने सुरांबरोबर आणखी एका गोष्टीचा मन लावून रियाज केला होता: चुकलं की थांबायचं. परीक्षेच्या खोलीत स्पेसबार नसतो, ट्रॅक पुढे निघून जातो.

इथे मी एक चूक केली. दोन आठवडे सॉफ्टवेअर बंद ठेवा, असं सांगून टाकलं. चौथ्या दिवशी ताईंचा फोन, की त्याने गिटारच उचललेली नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं. लय कमी करून वाजवणं, अवघड जागा फिरवून फिरवून घोटणं, ड्रमच्या सोबतीने ताल धरणं, हे सगळं तो त्याच्यावर शिकला होता. ते काढल्यावर त्याच्या हाती नुसती न जमणारी गाणी उरली. मी त्याची माफी मागितली आणि आम्ही दोघांनी बसून नव्याने ठरवलं.

रोजचा पहिला अर्धा भाग जसा होता तसाच. अवघड जागा ६० टक्के गतीने, जमली की थोडी थोडी वर. दुसऱ्या भागात लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फक्त ट्रॅक लावायचा. हेडफोन नाही, ॲम्प चालू. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच, काहीही झालं तरी थांबायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं दुसऱ्या दिवशी.

“पण चुकल्यावर काय करू?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर मला सुचलं नाही, आजीला सुचलं. “समेवर ये. तान फसली तरी समेवर आलास तर मैफल मोडत नाही.” त्याने ते आपल्या भाषेत करून घेतलं: चुकलं की पुढच्या आवर्तनाचा ‘एक’ पकडायचा, मधले सूर गेले तर जाऊ द्यायचे.

तिनेच एकदा त्याला अडवलं. “गाण्याच्या दुसऱ्या भागात घाई करतोस.” तो रागावला, कारण तिथे स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे बरोबर, यायचं. रेकॉर्डिंग लावलं तर घाई स्पष्ट ऐकू येत होती. असं सॉफ्टवेअर मुख्यतः सूर बरोबर आहे का आणि तो साधारण वेळेवर आला का, एवढं पाहतं. थोडं मागेपुढे चालवून घेतं, तेवढी मोकळीक त्याला ठेवावीच लागते. तार नीट दाबली आहे का, नको ती तार खरखरते का, जोर कुठे वाढला, हे माणसाच्या कानालाच ऐकू येतं.

कानाची तयारीही आजीकडेच गेली. परीक्षेत छोटी सुरावट दोनदा ऐकवतात आणि मग ती गिटारवर वाजवायची असते. बोट कुठे ठेवायचं त्याचे आकडे स्क्रीनवर बघून वाजवणारी मुलं तिथे हमखास अडतात. आजी पेटीवर चार-पाच सूर दोनदा वाजवायची, नातू ते तारांवर शोधायचा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. वडील अंबडच्या कारखान्यात. रात्री घरी आले की एकच प्रश्न, “आज किती?” त्यांना गिटारमधलं काही कळत नव्हतं, आणि लेकाच्या खोलीत शिरायला तो आकडाच काय तो त्यांना दरवाजा होता. प्रश्नात प्रेमच होतं. पण ९७ चे ९३ झाले की पोरगं रात्री अकरापर्यंत बसून ते भरून काढायचं. मी त्यांना म्हटलं, “विचारू नका, फक्त शेवटचं गाणं ऐकायला खोलीत बसा.” ते म्हणाले, “मला काय समजणार?” मी म्हटलं, “बसा तर खरं.” पहिल्या दिवशी त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला, असं ताईंनी सांगितलं.

म्हणून सॉफ्टवेअर काढून टाकू का, या ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं होतं. हात दुखत असताना मूल आकड्यासाठी वाजवत राहिलं, आकडा पडला म्हणून जेवलं नाही, झोपलं नाही, तर मात्र ते काही दिवस बाजूला ठेवा आणि कोणाशी तरी बोला.

परीक्षेत दुसऱ्या तुकड्यात तो चुकला. हात तारांवरच राहिला. ७६ गुण मिळाले.

गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला होता. चौथ्या ग्रेडचं पुस्तक आलंय. त्यातला मुलाने निवडलेला पहिला तुकडा वडिलांना आवडला नाही, आणि तसं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. दोघं जेवणाच्या ताटावर अर्धा तास त्यावरून भांडत होते.