नोकरी करत पार्टटाइम हेल्थ इकॉनॉमिक्स मास्टर्स जमेल का? गणित कच्चं आहे.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही यूकेत हॉस्पिटल फार्मसिस्ट आहात, बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही आणि नोकरी सोडायची नाहीये. अहो, ही तर माझीच गोष्ट! मी मूळची मिरजेची, आता लीड्समध्ये, मीपण हॉस्पिटल फार्मसिस्ट, आणि हेच एमएस्सी तीन वर्षं पार्टटाइम केलं. जमतं. गणितानं थोडं रडवलं, पण खरी अडले दुसरीकडेच.

आधी वेळेचा हिशेब सांगते कारण तो कोणी नीट सांगत नाही. इथलं मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे १८०० तास. तीन वर्षांत वाटले तर वर्षाला ६००, आठवड्याला १२. हे ऐकायला बरं वाटतं, पण अभ्यास असा दर आठवड्याला शहाण्यासारखा होत नाही, चार आठवडे पुस्तक उघडायचं नाही आणि मग असाइनमेंटच्या आधी दहा दिवस घरात कोणाशी धड बोलायचं नाही, असं चालतं. मी बुधवार बिनपगारी सुट्टी घ्यायचे लेक्चरसाठी, आणि रविवार सकाळ नवऱ्यानं मुलीला घेऊन बाहेर जायचं असं ठरवून टाकलं होतं. ते नसतं ना, तर पहिल्याच वर्षी सोडलं असतं.

आता जिथे मी खरंच अडले ते. आपल्याला फार्मसीत समोरचा पेशंट दिसतो. पहिल्या असाइनमेंटमध्ये मी भाबडेपणानं लिहून आले की हे औषध आयुष्य वाढवतं म्हणून द्यायलाच हवं, आणि ट्यूटरनं बाजूला लिहिलं, मग कोणाचं काढून घेणार? मला रागच आला होता. पण सगळा विषय तिथेच आहे हो. समजा जुन्या औषधाचा एकूण खर्च ४,००० पाउंड आणि त्यातून २.० क्वाली मिळतात (क्वाली म्हणजे चांगल्या तब्येतीत जगलेलं एक वर्ष असं समजा), नव्याचा खर्च १०,००० आणि मिळतात २.३. म्हणजे ०.३ क्वालीसाठी ६,००० जास्त, एका क्वालीला २०,०००. इथे कुठलं औषध सरकारी खर्चानं द्यायचं ते सांगणारी, १९९९ साली सुरू झालेली नाईस ही संस्था मी शिकत होते तेव्हा एका क्वालीला २०,००० ते ३०,००० पाउंडांपर्यंत परवडतं, अशी पट्टी वापरायची. भागाकार पाचवीतला आहे. पण ते जादाचे ६,००० एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, त्याच ठरलेल्या बजेटमधून येतात, म्हणजे कुठेतरी दुसऱ्या कोणाची तरी फिजिओथेरपी नाहीतर मानसिक आरोग्याची अपॉइंटमेंट कमी होते, आणि तो माणूस तुम्हाला कधीच दिसत नाही. हे पचायला मला एक आख्खं सेमिस्टर लागलं.

गणिताचं म्हणाल तर लॉग, एक्स्पोनेन्शियल, प्रोबॅबिलिटी आणि रिग्रेशन वाचता येणं, एवढं असलं की निभतं. मात्र इथे एक सापळा आहे. पाच वर्षांत मरायचा धोका २० टक्के असेल तर वर्षाला ४ टक्के, असं आपण पटकन भागून मोकळे होतो, पण ते ४.३६ येतं, कारण दरवर्षी उरलेल्या माणसांवरच धोका लागू होतो. माझं पहिलं मार्कोव्ह मॉडेल (बरे, आजारी, मेलेले अशा गटांत दरवर्षी किती माणसं इकडून तिकडे जातात त्याचा तक्ता) एक्सेलमध्ये केलेलं, १००० माणसं घेऊन सुरुवात, आणि दहाव्या वर्षी ती १०१८ झाली! एका ओळीतल्या प्रोबॅबिलिटींची बेरीज एकपेक्षा जास्त होत होती. रात्री दोन वाजता ही चूक सापडली, आणि तेव्हापासून मी प्रत्येक शीटला एक चेक कॉलम लावते, बेरीज १००० आली नाही की लाल. मायक्रोइकॉनॉमिक्सचा पेपर मात्र कोरडा होता, पास झाले, एवढंच. त्यातलं अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरोंचं १९६३ चं एक लेखन तेवढं आवडलं, आजारी माणूस कांदे-बटाटे घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा का वागू शकत नाही, यावरचं.

मजा आली ती ईक्यू-५डी शिकताना, म्हणजे क्वाली काढायला वापरतात ती तब्येतीची प्रश्नावली. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि चिंता-नैराश्य, असे पाच प्रश्न असतात. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून फोनवर तिलाच विचारले. रोजची कामं? सगळं करते की! म्हणाली. मग हळूच कळलं की तिला खाली बसता येत नाही, पूजा खुर्चीवर बसून करते आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. फॉर्ममध्ये खाली मांडी घालून बसण्याचा प्रश्नच नाही. शेवटी शंभरपैकी आजची तब्येत किती असं विचारलं तर म्हणे, गुडघा साठ, बाकी मी पंच्याण्णव. आता हे मी कुठल्या रकान्यात भरू?

भारतात परत जायचा विचार असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. इथे नाईसच्या हिशेबात एनएचएस आणि सोशल केअरचा खर्च धरतात, पेशंटच्या खिशातला नाही. मिरजेत निम्मा हिशेब त्या खिशाचाच असतो, कर्नाटकातून आलेल्या पेशंटबरोबरच्या दोन नातेवाइकांची बुडालेली मजुरी, लॉजचं भाडं, गहाण टाकलेलं सोनं. सरकारी नॅशनल हेल्थ अकाउंट्सप्रमाणे २०१३-१४ ला एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ ला तो ३९.४ दाखवलाय. तरी कमी नाही. २०१७ पासून तिकडेही नाईससारखं काम करणारी एचटीए इंडिया ही सरकारी संस्था आहे, आणि २०२२ ला ईक्यू-५डी च्या उत्तरांना किती गुण द्यायचे याचे भारतातल्या लोकांना विचारून काढलेले आकडेही आले, त्यामुळे इथलं शिक्षण तिकडे वाया जात नाही, फक्त डिसर्टेशनला (शेवटच्या प्रबंधाला) भारतातला विषय घेतलात तर जास्त उपयोग होईल. मी घेतला नाही, आता वाटतं घ्यायला हवा होता.

फीचं अॅडमिशनआधीच लेखी विचारून घ्या, वर्क व्हिसावर असाल तर ओव्हरसीज फी लागू शकते आणि फरक हजारोंचा असतो. आणि अर्ज करायच्या आधी एक शनिवार काढून एक्सेलमध्ये तीन रकाने करा, बरे, आजारी, मेलेले, वीस वर्षं पुढे न्या. त्यात मजा आली तर फॉर्म भरा. माणसं १००० च राहिली का तेवढं बघा.