पोस्टर बघितलं, आता आधी ओळी मोकळ्या कर

अगं, तुझं दहीहंडीचं पोस्टर बघितलं. रंग मस्त जमलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चार फॉन्ट कशाला? फर्स्ट इयरला फॉन्ट डाउनलोड करायचा नाद सगळ्यांनाच लागतो, तो जरा आवर. या सेमिस्टरला एकच फॅमिली घे, म्हणजे एकाच फॉन्टचे बारीक-जाड प्रकार. गूगल फॉन्ट्सवर ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो, मराठी-इंग्लिश दोन्ही आहे, एकदम बारीकपासून जाडजूडपर्यंत सगळे वेट्स, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, त्यातच हेडिंग, तारीख, पत्ता बसवून दाखव. आधी काय वाचायचं, मग काय, हे साइझ, वेट आणि मोकळी जागा एवढ्यावर कळलं पाहिजे.

आता ओळींमधलं अंतर, म्हणजे लीडिंग. इथे तुझं खरं अडलंय. अडोबीच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो लीडिंग अक्षराच्या साइझच्या 120 टक्के असतं, म्हणजे 12 पॉइंटला 14.4, इंग्लिशला चालून जातं ते, पण आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, सगळ्यांना जागा लागते. तुझ्याच पोस्टरवर बघ ना, वरच्या ओळीतल्या ‘चौकापुढून’चा उकार खालच्या ‘गर्दी’च्या रफारात घुसलाय, आणि नेमकं तिथेच वाचणारा अडखळतो. 12 ला 17-18 पासून सुरुवात कर, मग फॉन्ट बघून कमी-जास्त कर.

हेडिंगला ट्रॅकिंग देऊन अक्षरं लांब लांब केलीयस, ते काढ. इंग्लिश कॅपिटल्सना शोभतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. रुंद हवं असेल तर शब्द कमी कर, साइझ वाढव. पण आडवं ताणू नकोस, प्लीज. ताणल्यावर नेमकं काय होतं ते बघायला ठाण्याच्या गोखले रोडवर एक चक्कर मार. 2022 पासून महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरचं मराठी इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, हा नियम चांगलाच आहे, पण बऱ्याच ठिकाणी जुन्या इंग्लिश नावाच्या रुंदीत मराठी नाव ओढून बसवलंय. ‘ठ’चा गोल चपटा होतो, काने जाड होतात आणि शिरोरेखा होती तेवढीच बारीक राहते. अशा पाट्यांचे फोटो काढ, आणि जिथे दोन्ही लिप्या नीट जुळल्यात त्यांचे तर नक्कीच काढ, कारण सारखा पॉइंट साइझ दिला म्हणून दोन्ही सारख्या दिसत नाहीत, ते डोळ्याने जुळवावं लागतं.

फोटोशॉपमध्ये ‘गोविंदा’ची वेलांटी भलतीकडे पडत असेल किंवा जोडाक्षरं पाय मोडून येत असतील तर फॉन्ट बदलत बसू नकोस, जुनं व्हर्जन असेल तर वर्ल्ड-रेडी लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारं सेटिंग, चालू आहे का बघ. आणि ‘ल’ पाकळीचा, ‘श’ देठाचा घे, 2009 च्या शासन निर्णयात तसेच दिलेत. भाषा मराठी निवडली की बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप येतात, नाहीतर ग्लिफ पॅनेलमध्ये, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दिसतात तिथे, शोध.

हे सगळं स्क्रीनवर झूम करून ठरवू नकोस हां. नौपाड्यात कुठेही ए-थ्रीवर साधी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढ, भिंतीला लाव, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तारीख आणि जागा वाचता येते का बघ, आणि मग तीच प्रिंट पेनाने खुणा करून शनिवारी घेऊन ये.