‘आवाज मागे आहे’ की ‘आवाज मागे पडत जातो’?

ठाण्याच्या नौपाड्यात व्हिडिओ एडिटिंगचे वर्ग घेणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय, ‘फ्रेम रेट मिसमॅच’ला (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, हा आकडा दोन ठिकाणी वेगळा असणं) ‘चित्रगती-विसंगती’ लिहिलं तर चालेल का?

माझं मत, नको. ‘गती’ म्हटलं की चित्र किती जोरात पळतंय ते डोळ्यांपुढे येतं. सेकंदाला ५० फ्रेमनी घेतलेला शॉट २५च्या शॉटपेक्षा जोरात पळत नाही, त्याच सेकंदाचे जास्त तुकडे झालेले असतात. ‘फ्रेम रेट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय, तो राहू द्या. मथळा ‘फ्रेम रेट न जुळणे’ असा करा. ‘विसंगती’ मात्र काढाच, कारण ‘सिंक गेलं’ (आवाज आणि चित्र जुळत नाहीत) या तक्रारीखाली जे दोष येतात त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि या शब्दात ते सगळे एकाच गाठोड्यात जातात.

क्लिप सुरू होतानाच आवाज ओठांच्या अर्धा सेकंद मागे आणि संपतानाही तेवढाच मागे असेल, तर फ्रेम रेटचा बहुधा संबंध नसतो. एडिटिंगच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी सरकवली की भागतं. पण सुरुवात चोख आणि तासाभराने ओठ मिटल्यावर वाक्य ऐकू येतंय, हे प्रकरण निराळं. घड्याळाबाबत हा भेद आपण सहज करतो. ‘घड्याळ पाच मिनिटं मागे आहे’ म्हटलं तर काटे फिरवायचे, ‘घड्याळ मागे पडतं’ म्हटलं तर ते दुरुस्तीला न्यायचं. टिपणांतही तसंच लिहा: ‘आवाज मागे आहे’ आणि ‘आवाज मागे पडत जातो’. अंतर वाढत चाललंय हे त्या ‘-त जातो’मध्येच आलं, वेगळी संज्ञा घडवायची गरज नाही.

दिशाही नीट सांगायला हवी. सिनेमाच्या २४ फ्रेम टीव्हीच्या २५नी चालवल्या तर तासाचं चित्र ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतं. आवाज मूळचाच ठेवला तर तो मागे पडत जातो. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी सेकंदाला ३० फ्रेमचे २९.९७ झाले, त्याच हिशेबाने २४चे २३.९७६. आता २४ची क्लिप २३.९७६नी वाचली गेली तर चित्र तासाला ३.६ सेकंद लांबतं, म्हणजे आवाज पुढे पळत जातो. नुसतं ‘सिंक नाही’ लिहिलं तर मुलांना यातलं काहीच कळणार नाही.

मोबाइलचं चित्रीकरण आणखी त्रासदायक. फोन ३० सांगतो, पण दोन फ्रेममधलं अंतर प्रकाश आणि प्रोसेसरवरच्या ताणाप्रमाणे बदलतं, त्यामुळे एडिटिंगमध्ये आवाज मध्येच मागे, मध्येच पुढे होऊ शकतो. याला ‘आवाज भरकटतो’ म्हणावं असं मला वाटतं. इथे पट्टी सरकवून उपयोग नाही. आधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट स्थिर करून घ्यायचा, मगच कापाकापी.

शेवटचा दोष आवाजाचा नाहीच. तलावपाळीवर कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला ३०चा शॉट २५च्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने मांडतो तिथे) टाका. वेळ बरोबर, ओठ बरोबर, पण दर सहा फ्रेममागे एक गळते आणि काठाचं रेलिंग बारीक झटके खात सरकतं. त्याला ‘चित्र अडखळतं’ म्हणा, ‘सिंक गेलं’ म्हणू नका, नाहीतर मुलं आवाजाच्या पट्टीशी झटत बसतील. टाइमलाइन २५ची असेल तर शूटिंगही २५नीच करायला सांगा.